पहिली शी कधी झाली होती?

बद्धकोष्ठाची तक्रार घेऊन मूल आलं, मग ते तीन दिवसांचं असो की तेरा वर्षांचं, आमचा पहिला प्रश्न एकच असतो: जन्मल्यावर पहिली शी कधी झाली होती? पालक गोंधळतात. तेरा वर्षांच्या मुलाच्या पहिल्या लंगोटाची चौकशी आत्ता कशाला, असं त्यांना वाटतं. पण हर्शस्प्रुंग या जन्मजात आजाराचा माग तिथूनच लागतो. आतड्यातली उणीव जन्मापासून तीच असते, वय वाढतं तशी ती वेगवेगळ्या रूपात दिसते. बालशल्यचिकित्सेच्या कामात ही रूपं आमच्यासमोर सतत येतात. ती कशी ओळखायची, कुठे चकवा बसतो आणि तपासण्या प्रत्यक्षात कशा होतात, ते इथे लिहितो आहोत.

आधी उणीव काय ते. आतड्याच्या भिंतीत चेतापेशींचे पुंजके असतात, त्यांना गँग्लिऑन पेशी म्हणतात. आतडं लाटेसारखं आवळतं आणि सैल होतं ते या पेशींच्या जोरावर. गर्भाच्या साधारण पाचव्या ते बाराव्या आठवड्यात या पेशी आतड्याच्या वरच्या टोकाकडून सरकत सरकत गुदद्वारापर्यंत पोचतात. हा प्रवास वाटेत थांबला, तर थांबल्या जागेपासून खालचं सगळं आतडं पेशींविना राहतं. म्हणून ही उणीव गुदद्वारापाशी सुरू होते आणि तिथून सलग वर जाते. पाचांपैकी चार मुलांत ती गुदाशय आणि त्याच्या लगतच्या वळणापुरती असते. थोड्या मुलांत मात्र सगळं मोठं आतडं, क्वचित लहान आतड्याचा भागही तसाच असतो. साधारण ५,००० जन्मांमागे एका बाळाला हा आजार होतो आणि नेहमीच्या, आखूड प्रकारात मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये तो चौपट आढळतो.

पेशी नसलेला भाग सैल होऊच शकत नाही. तो कायम आवळलेला राहतो आणि शी, वारा त्याच्या वर अडून बसतात. वरचं चांगलं आतडं ढकलून ढकलून फुगतं, जाड होतं. एक्स-रेच्या फोटोत डोळ्यांत भरतो तो हा फुगलेला भाग, आणि खरा दोष असतो खालच्या, दिसायला साध्या अरुंद भागात. १८८६ मध्ये हॅराल्ड हर्शस्प्रुंग या डॅनिश बालरोगतज्ज्ञाने दोन बाळांचं वर्णन केलं, तेव्हा त्याचंही लक्ष फुगलेल्या आतड्याकडेच गेलं होतं. अरुंद भाग काढून टाकल्यावर मुलं बरी होतात हे १९४८ मध्ये स्वेन्सन आणि बिल यांनी दाखवलं. पालकांना आम्ही हे मुद्दाम सांगतो. ‘आतडं फुगलंय’ एवढंच ऐकलं की त्यांची काळजी चुकीच्या जागी खिळते.

आता पहिले दोन दिवस. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांपैकी शंभरात पंचाण्णवांहून जास्त बाळं पहिल्या २४ तासांत काळपट हिरवी, डांबरासारखी चिकट शी करतात. ४८ तासांत जवळजवळ सगळीच करतात. म्हणून २४ तास उलटले तर बाळाकडे नीट लक्ष ठेवायचं आणि ४८ तास उलटले तर कारण शोधायला लागायचं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना हे घड्याळ लागू पडत नाही, त्यांची पहिली शी बरेचदा उशिरा होते.

‘शी झाली’ या उत्तरावर आम्ही थांबत नाही. लंगोटाला नुसता डाग लागला होता की भरपूर झाली होती? आपोआप झाली, की बोट लावून, थर्मामीटर घालून, सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची औषधाची कांडी) ठेवून झाली? काळी शी किती दिवस चालली? दूध नीट पिणाऱ्या बाळाची शी तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवटपिवळी व्हायला लागते. पाचव्या दिवशीही थोडी थोडी काळीच येत असेल, तर वरचं सगळं अजून बाहेर पडायचं आहे असा त्याचा अर्थ. आणि हेही लक्षात ठेवावं लागतं की हर्शस्प्रुंग असलेली बरीच बाळं २४ तासांच्या आत शी करतात. वेळेवर शी झाली म्हणून आजार नाही, असं म्हणता येत नाही. उशीर झाला तर संशय वाढतो, झाला नाही तर तो फक्त थोडा कमी होतो.

दुसरी खूण पोट. नवजात बाळाचं पोट दूध प्यायल्यावर थोडं वर येतंच, पण ते मऊ असतं आणि थोड्या वेळाने खाली बसतं. इथे ते टम्म राहतं, कातडी ताणून चकाकते, शिरा दिसायला लागतात, कधी आतड्याच्या वळ्या बाहेरून उमटतात. नजरेच्या अंदाजावर विसंबून राहू नये. बेंबीच्या पातळीवर टेप धरायची, पेनाने खूण करायची आणि प्रत्येक वेळी त्याच खुणेवर मोजायचं. टेप दोन बोटं वर-खाली सरकली तर आकडे फसवतात.

तिसरी खूण उलटी, आणि तिचा रंग. दूध किंवा फुटून दह्यासारखं झालेलं दूध बाहेर येणं वेगळं आणि पानासारखं हिरवं येणं वेगळं. हिरवी उलटी म्हणजे पित्त पुढे जायचं सोडून मागे फिरलं आहे. नवजात बाळाला हिरवी उलटी झाली तर हर्शस्प्रुंग आहे की नाही याचा विचार करत बसायचं नाही, त्याच तासाला रुग्णालय गाठायचं. आतड्याला पीळ पडल्यानेही अशीच उलटी होते आणि पिळात आतड्याचा रक्तपुरवठा काही तासांत तुटतो. उलटी लागलेलं कापड न धुता सोबत आणावं. रंगाबद्दल नुसत्या शब्दांनी फार घोळ होतो. एकाचं हिरवं ते दुसऱ्याचं पिवळं असतं.

तपासताना आधी गुदद्वार आहे का आणि जागेवर आहे का ते पाहतो. हे सांगायला विचित्र वाटेल, पण छोट्या छिद्रातून शीचा डाग लागत असेल तर जन्मजात बंद गुदद्वारही नजरेतून सुटू शकतं. मग करंगळी आत घालून पाहतो. हर्शस्प्रुंगमध्ये आतला भाग बोटाभोवती घट्ट बसलेल्या हातमोज्यासारखा लागतो, गुदाशय रिकामा असतो आणि बोट बाहेर काढताच वारा आणि पातळ शी जोरात उसळून येते. पोट लगेच बसतं, बाळ शांत होतं, दूध मागतं.

सगळ्यात मोठा चकवा इथेच आहे. मोकळं झालं, बाळ हसतंय, घरी जाऊ द्या, असं सगळ्यांना वाटतं. पण बोटाने, नळीने किंवा सपोझिटरीने फक्त अडलेला वारा सुटलेला असतो. पुढच्या दोन-तीन दिवसांत पोट पुन्हा फुगतं, पुन्हा सपोझिटरी, पुन्हा आराम. अशा उपायांवर काही बाळं महिनोन्महिने काढतात आणि प्रत्येक वेळी उपाय लागू पडला म्हणून तपासणी पुढे ढकलली जाते. आमचं म्हणणं स्पष्ट आहे: पहिल्या महिन्यात ज्या बाळाला शी करायला वारंवार मदत लागते, त्या बाळाची आतड्याची तपासणी व्हायलाच हवी.

उशिरा होणाऱ्या पहिल्या शीची कारणं इतरही आहेत. चिकट शीचा घट्ट बूच अडकणं, आईला मधुमेह असल्यास बाळाच्या मोठ्या आतड्याचा डावा भाग काही काळ अरुंद राहणं, सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारात लहान आतड्यात शी चिकटून बसणं, थायरॉइड कमी असणं, रक्तात जंतुसंसर्ग, प्रसूतीच्या वेळी आईला दिलेलं मॅग्नेशियम. यातली काही कारणं आपोआप सरतात. पण बूच निघून गेल्यावर बाळ सुधारलं तरी हर्शस्प्रुंगचा विचार मनातून काढून टाकायचा नाही. त्या बुचामागे हाच आजार दडलेला असू शकतो.

पहिला महिना सरला की चित्र पुसट होतं. नुसत्या अंगावर पिणाऱ्या बाळाची शी मुळात इतकी पातळ असते की अरुंद भागातूनही ती कशीबशी वाट काढते. वरचं दूध किंवा वरचं अन्न सुरू झालं की शी घट्ट होते आणि तोवर झाकलेला आजार वर येतो. ‘पाच महिन्यांपर्यंत काहीच त्रास नव्हता’ असं सांगणाऱ्या आईला आम्ही पहिल्या आठवड्याबद्दल पुन्हा विचारतो तो यासाठीच.

याच वयात विनाकारण घाबरणारेही पुष्कळ असतात. फक्त अंगावर पिणारं बाळ काही आठवड्यांचं झाल्यावर आठवडाभर शी करत नाही आणि मग मऊ, भरपूर शी करतं. पोट मऊ असेल, वजन वाढत असेल, बाळ आनंदी असेल तर यात आजार नाही. काही बाळं शीच्या आधी दहा-पंधरा मिनिटं लालबुंद होऊन कुंथतात, रडतात आणि मग मऊ शी करतात. पोटातून जोर लावणं आणि खालचं द्वार सैल सोडणं यांचा मेळ त्यांना अजून जमलेला नसतो, तो काही आठवड्यांत जमतो. हर्शस्प्रुंगच्या बाळात पोट फुगतं, वजन रेंगाळतं आणि मऊ शीसुद्धा आपोआप पुरती होत नाही. पाहायचा फरक हाच.

एक ते तीन वर्षांच्या वयात निदान न झालेलं मूल दिसायलाच वेगळं असतं: पोट मोठं, हातपाय काटकुळे, चेहरा मलूल. भूक कमी, रक्त कमी, कधी रक्तातलं प्रथिन उतरल्याने पायांवर सूज. वजन-उंचीचा तक्ता मागितला की त्यात रेषा खाली झुकलेली दिसते. शी फितीसारखी चपटी, बारीक येते किंवा दिवसेंदिवस येतच नाही आणि मग घाण वासाची पातळ येते. घरात एनिमा, रेचक, सपोझिटरी यांचा साठा असतो.

इथून पुढे आमचं खरं काम असतं साध्या बद्धकोष्ठापासून हा आजार वेगळा काढण्याचं. मुलांमधलं बहुसंख्य बद्धकोष्ठ सवयीचं असतं. एकदा खडा होऊन दुखलं, मूल घाबरलं, शी रोखून धरायला शिकलं, शी आणखी सुकली, आणखी दुखलं, असं ते चक्र चालतं. त्या मुलाची पहिली शी वेळेवर झालेली असते, पहिलं वर्ष सुरळीत गेलेलं असतं आणि त्रासाला तारीख असते: वरचं अन्न सुरू झालं तेव्हापासून, भांड्यावर बसवायला लागलो तेव्हापासून, शाळा सुरू झाली तेव्हापासून. शी आली की मूल पाय आवळून कोपऱ्यात उभं राहतं, टाचा वर करतं. शी होते तेव्हा ती जाडजूड असते, इतकी की संडास तुंबतो. चड्डीला डाग लागतात, कारण भरलेल्या गुदाशयातून पातळ शी कडेने झिरपते. बोटाने तपासलं तर गुदाशय शीने गच्च भरलेला लागतो. वजन बहुतेक चांगलं असतं.

हर्शस्प्रुंगच्या मुलात यातलं बरंचसं उलट. त्रासाला तारीख नसते, ‘जन्मल्यापासून असंच आहे’ हे उत्तर येतं. चड्डी सहसा कोरडी असते, कारण शी गुदाशयापर्यंत उतरतच नाही. शी आल्याची जाणीव नसते, म्हणून रोखून धरायचाही प्रश्न नसतो. बोटाला गुदाशय रिकामा लागतो, पोटावर हात ठेवला तर वर शीचा गोळा लागतो. ही ठोकळ ओळख आहे. उणीव फारच आखूड असेल तर डागही लागतात आणि दोन्हींची सरमिसळ दिसते. पण चड्डीचा प्रश्न जरूर विचारावा. पालक लाजेने डागांबद्दल बोलत नाहीत, आणि डाग नाहीत याचं महत्त्व त्यांना माहीत नसतं.

शाळकरी वयात, किशोरवयात आणि क्वचित मोठेपणी निदान होतं तेव्हा बहुधा उणीव आखूड असते आणि माणूस रेचकांवर तगलेला असतो. ‘एनिमाशिवाय मला कधीच साफ झालेलं नाही’ हे वाक्य आम्ही फार गंभीरपणे घेतो. ‘कधीच’ या शब्दावर सगळं आहे. या वयात तो माणूस स्वतःच्या स्थितीला इतका सरावलेला असतो की दहा दिवसांनी एकदा शी होणं त्याला स्वाभाविक वाटतं. कधी फुगलेल्या सिग्मॉइडला, म्हणजे गुदाशयाच्या लगतच्या वळणाला, पीळ पडून अचानक तीव्र पोटदुखी होते आणि निदान थेट तातडीच्या विभागात होतं.

काही मुलांमध्ये संशय आधीपासूनच जास्त ठेवतो. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत हा आजार इतरांपेक्षा खूप जास्त आढळतो, आणि त्यांच्या बद्धकोष्ठाचं खापर स्नायूंच्या ढिलेपणावर किंवा थायरॉइडवर फोडून मोकळं होणं सोपं असतं. भावंडाला किंवा आई-वडिलांना हा आजार असेल तर, आणि बहिरेपणासोबत कपाळावर पांढरी बट किंवा दोन डोळ्यांचे दोन रंग असतील तर, आतड्याबद्दल आवर्जून विचारतो.

आता सर्वांत धोक्याची खूण, आणि ती कोणत्याही वयात येऊ शकते. बद्धकोष्ठाच्या या आजारात मुलं दगावतात ती बहुधा जुलाबाच्या रूपाने येणाऱ्या आतड्याच्या दाहामुळे. अडलेल्या शीत जंतू माजतात, आतड्याचं अस्तर सुजतं, जंतू रक्तात शिरतात. पोट टम्म, ताप, अत्यंत घाण वासाची, फवाऱ्यासारखी उडणारी पातळ शी, कधी तिच्यात रक्त, मूल गळून गेलेलं, दूध नको म्हणणारं. साधा जुलाब समजून जुलाब थांबवणारं औषध दिलं की आतलं विष आतच कोंडतं. साध्या जुलाबात पोट सहसा मऊ किंवा खपाटीला गेलेलं असतं. जुलाब होत असताना पोट फुगत जात असेल, तर तो साधा जुलाब नाही असं समजून निघायचं. उपचार रुग्णालयातच: तोंडाने खाणं-पिणं बंद, शिरेतून सलाइन, प्रतिजैविकं आणि आतडं नळीने धुणं. काही तासांचा उशीरही महागात पडतो.

संशय पक्का झाला की तपासण्या. पोटाचा साधा एक्स-रे फुगलेली आतडी आणि खाली ओटीपोटात वाऱ्याचा अभाव दाखवतो, तेवढ्यावर निदान होत नाही. पुढची पायरी कॉन्ट्रास्ट एनिमा, म्हणजे एक्स-रेवर दिसणारा द्रव गुदद्वारातून हळूहळू सोडून फोटो काढणं. इथे तयारी उलटी असते: आतडं आधी साफ करायचं नाही. आदल्या दिवशी एनिमा दिला, धुतलं किंवा बोटाने तपासलं, तर अरुंद भाग तात्पुरता ताणला जातो, फुगलेला भाग रिकामा होतो आणि दोन्हींतला फरकच मिटतो. चांगल्या हेतूने पोट साफ करून आणल्यामुळे तपासणी वाया जाते आणि पुन्हा ठरवावी लागते. नळीचं टोक गुदद्वाराच्या अगदी आत ठेवायचं आणि तिचा फुगा फुगवायचा नाही, कारण फुगा अरुंद भाग झाकतो आणि आतड्याला इजाही करू शकतो. बाळाला कुशीवर ठेवून काढलेला फोटो सर्वांत मोलाचा. निरोगी बाळात गुदाशय त्याच्या वरच्या सिग्मॉइडपेक्षा रुंद असतो. तो अरुंद दिसला की संशय बळावतो. अरुंद आणि फुगलेल्या भागाच्या मधला नरसाळ्यासारखा उतार दिसला तर उणीव कुठपर्यंत आहे याचा अंदाज येतो. २४ तासांनी आणखी एक फोटो काढतात आणि तोवर द्रव आतच साठून असेल तर तीही खूण. नवजात बाळात आतडं फुगायला पुरेसा वेळ मिळालेला नसतो, संपूर्ण मोठं आतडं बाधित असेल तर तुलनेला चांगला भागच नसतो. त्यामुळे फोटो ठीक आला तरी तो शेवटचा शब्द नाही.

दुसरी एक तपासणी दाबाची. गुदाशयात छोटा फुगा फुगवतात आणि गुदद्वाराभोवतीच्या स्नायूचं आतलं वर्तुळ सैल पडतं का ते यंत्रावर पाहतात. निरोगी माणसात ते सैल पडतं, हर्शस्प्रुंगमध्ये पडत नाही. ते सैल पडलं तर आजार नसल्याचा मोठा दिलासा मिळतो. पण मूल रडत, हलत असेल तर आलेख वाचणं कठीण होतं.

निदानाचा शेवटचा शब्द बायोप्सीचा, म्हणजे गुदाशयाच्या अस्तराच्या तुकड्याच्या तपासणीचा. लहान बाळात हे काम शोषून तुकडा घेणाऱ्या बारीक उपकरणाने पलंगाशेजारीच होतं, भूल लागत नाही. याला पालक सर्वांत जास्त घाबरतात, म्हणून नीट सांगतो. गुदद्वाराच्या आत एक दातेरी रेषा असते. तिच्या खालच्या कातडीला दुखतं, वरच्या अस्तराला कापल्याचं दुखत नाही. तुकडा रेषेच्या २ ते ३ सेंटिमीटर वरून घेतात. त्याहून खाली घेतला तर घोटाळा होतो, कारण रेषेला लागून असलेल्या पट्ट्यात निरोगी माणसातही या पेशी विरळ असतात आणि आजार नसताना आजार दिसतो. बाळ रडतं ते पाय धरल्यामुळे आणि नळीच्या दाबामुळे. कमीत कमी दोन तुकडे घेतात, प्रत्येक साधारण ३ मिलिमीटरचा. त्यात अस्तराखालचा थर यायलाच हवा, पेशी तिथेच असतात. नुसतं वरचं अस्तर आलं तर अहवालात ‘नमुना अपुरा’ असं येतं आणि तपासणी पुन्हा करावी लागते. याचा अर्थ आजार आहे असाही नाही आणि नाही असाही नाही. तुकडे घेण्याआधी जन्मानंतरचं, रक्त गोठायला मदत करणारं व्हिटॅमिन के चं इंजेक्शन झालं आहे ना, ते पाहतात. नंतर लंगोटाला रक्ताचा एखादा ठिपका चालतो. ताजं लाल रक्त वाहत असेल, ताप आला किंवा पोट फुगलं तर लगेच कळवायचं.

प्रयोगशाळेत त्या तुकड्याच्या कित्येक पातळ चकत्या करून एकेक तपासतात. एकही गँग्लिऑन पेशी न दिसणं आणि जाड झालेले चेतातंतू दिसणं, या दोन्ही गोष्टी मिळाल्या की निदान होतं. कॅलरेटिनिन नावाच्या रंगक्रियेने शंका आणखी कमी होते: निरोगी तुकड्यात बारीक तंतू रंगतात, हर्शस्प्रुंगमध्ये रंगत नाहीत. ‘नाही’ हे सिद्ध करायला ‘आहे’पेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून अहवालाला काही दिवस जातात. एक वर्षापुढच्या मुलात अस्तर जाड होतं, शोषून घेतलेला तुकडा अपुरा पडू शकतो. मग भूल देऊन खोलवरचा तुकडा घेतात.

निदानापासून शस्त्रक्रियेपर्यंतचा काळ बहुतेक बाळं आतडं धुऊन काढतात, आणि हे काम घरच्यांनाच शिकवलं जातं. एनिमा आणि हे धुणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एनिमात द्रव आत सोडून मुलाने ढकलावं अशी अपेक्षा असते, आणि या मुलाचं खालचं आतडं ढकलूच शकत नाही. धुताना मऊ नळी अरुंद भागाच्या पलीकडे नेऊन द्रव घालायचा आणि त्याच नळीतून परत काढायचा. बाळाला डाव्या कुशीवर किंवा पाय वर करून ठेवायचं, नळीला भरपूर जेली लावायची, न ढकलता हलकेच सरकवायची. अडलं तर थोडं सलाइन सोडत पुढे न्यायची. आधी नुसता वारा सुटू द्यायचा, पोटावर हलका हात फिरवायचा. मग अंगाइतकं कोमट सलाइन, किलोमागे १० ते २० मिलिलिटर, म्हणजे ३ किलोच्या बाळाला ३० ते ६० मिलिलिटर, तेही छोट्या छोट्या हिश्श्यांनी. प्रत्येक हिस्सा परत आला की मगच पुढचा. गेलं किती आणि आलं किती, दोन्ही वहीत लिहायचं. परत येत नसेल तर नळी थोडी मागे-पुढे करून पाहायची, तरीही न आल्यास थांबायचं आणि फोन करायचा. किती आणि किती वेळा, हा आकडा तुमच्या शल्यविशारदांनी लिहून दिलेलाच धरायचा.

साधं पाणी कधीही वापरायचं नाही. आतड्यातून ते रक्तात शोषलं जातं, सोडियम उतरतं आणि बाळाला झटके येऊ शकतात. दुकानात मिळणारा फॉस्फेटचा एनिमाही या मुलांना देऊ नये. तो अडकून राहतो आणि रक्तातले क्षार बिघडवतो. फार बारीक नळी घेतली की ती शीने तुंबते आणि ‘आज काही आलं नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

शस्त्रक्रियेत पेशी नसलेला भाग काढून, पेशी असलेलं आतडं खाली ओढून गुदद्वारापाशी जोडतात. कुठपर्यंत काढायचं ते शस्त्रक्रिया चालू असतानाच तुकडे तपासून ठरवतात. बाळ फार आजारी असेल, आतडं खूप फुगलेलं असेल किंवा लांबचा भाग बाधित असेल तर आधी पोटावर वाट काढून पिशवी लावतात.

त्यानंतरही खुणा ओळखायचं काम संपत नाही. पहिले काही आठवडे शी दिवसातून अनेकदा होते आणि गुदद्वाराभोवतीची कातडी सोलवटते. जाड थराचं संरक्षक मलम पहिल्या दिवसापासूनच लावायचं, कातडी लाल होण्याची वाट पाहायची नाही. जोड भरून येईपर्यंत शल्यविशारदांना विचारल्याशिवाय गुदद्वारात काहीही घालायचं नाही, थर्मामीटरसुद्धा नाही. नंतर पुन्हा बद्धकोष्ठ झालं तर जोड आवळला आहे का, काही भाग राहून गेला आहे का, की आता साधी सवय लागली आहे, हे तपासावं लागतं. आणि आतड्याचा दाह शस्त्रक्रियेनंतरही येतो, विशेषतः पहिल्या दोन वर्षांत.

असा दाह रात्री-अपरात्री उद्भवला तर तुम्ही ज्या रुग्णालयात पोचाल तिथे तुमच्या मुलाची फाइल असेलच असं नाही. म्हणून एका कार्डावर आजाराचं नाव, शस्त्रक्रियेचा प्रकार आणि तारीख, धुण्याच्या नळीचा आकार, सलाइनचं प्रमाण आणि शल्यविशारदांचा फोन लिहून ते बाळाच्या पिशवीत ठेवा. दारात शिरताना ‘जुलाब होतायत’ असं म्हणू नका. ‘हर्शस्प्रुंग आहे, पोट फुगलंय, ताप आहे’ असं सांगा.